कावळा तोच, चिमणी नवी

मंडळी, एक साधा प्रश्न. मराठी घरात वाढलेल्या माणसानं सगळ्यात आधी ऐकलेली आणि पुढे कधीतरी स्वतः दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट कोणती? बहुतेकांचं उत्तर एकच येईल. काऊ-चिऊची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, मग मोठ्ठा पाऊस येतो आणि... पुढचं तुम्हाला येतंच.

येतं ना? मग शेजारी बसलेल्याला सांगून बघा. चिऊनं दार उघडायला उशीर का केला, इथेच भांडण सुरू होईल. कुणाची चिऊ बाळाला न्हाऊ घालत असते, कुणाची तीट लावत असते, कुणाची भात भरवत असते. शेवटी कावळ्याचं काय झालं, यावर तर दोन सख्ख्या बहिणींचंही एकमत होत नाही. कारण ही गोष्ट आपण पुस्तकातून पाठ केलेली नाही. ऐकली आणि आपल्या परीनं पुन्हा सांगितली, एवढंच.

आता गंमत ऐका. ही गोष्ट सातशे वर्षांहून जुनी आहे. मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र'. त्यात चक्रधरस्वामी एका लहान मुलीला ही गोष्ट सांगतात अशी लीळा आहे. कावळा आहे, त्याचं शेणाचं घर आहे, शेजारचं मेणाचं घरही आहे. पण त्या मेणाच्या घरात चिमणी नाही. साळई आहे, म्हणजे साळुंकी! सातशे वर्षांत कधीतरी कुणीतरी साळुंकी उठवून तिथे चिमणी बसवली. कुणी, कधी, कुठे, याची नोंद नाही. कुणाची परवानगीही लागली नाही. घराच्या वळचणीला जो पक्षी रोज दिसतो तो गोष्टीत आला.

शाळेत मुलांना 'गोष्ट पुन्हा सांगा', 'गोष्ट आपल्या शब्दांत लिहा' असं सांगतात, तेव्हा त्यांच्याकडून नेमकं काय मागतात, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. साळुंकीची चिमणी करायची मुभा त्यात असते का? माझं म्हणणं असं की नसते, आणि ती असायला हवी. शिवाय ही मुभा म्हणजे परदेशातून आलेली एखादी नवी शिक्षणपद्धती नव्हे. ती आपल्याच मातीत होती, आणि आपल्या जानेफळपासून फार लांबही नव्हती.

* * *

जानेफळ हे मेहकर तालुक्यातलं गाव हे नातेवाइकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. बुलढाणा जिल्ह्याचे बोलण्यात दोन भाग पडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही घाटावरचे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार, मेहकर करत जानेफळला येते आणि पुढे खामगावकडे उतरते. यातल्या मेहकर आणि लोणार या दोन्ही गावांचा उल्लेख लीळाचरित्रात आहे. चक्रधर या मुलखात फिरले होते.

पण लीळाचरित्र मला इथे महत्त्वाचं वाटतं ते गावांच्या नावांसाठी नाही, ते ज्या रीतीनं तयार झालं त्यासाठी. चक्रधर निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि बाकीची मंडळी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला राहिली. म्हाइंभट हा त्यांच्यातला पंडित माणूस. त्यानं १२७८ च्या सुमारास स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. गोळा करायच्या म्हणजे काय, तर ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांना गाठायचं, विचारायचं, पुन्हा सांगायला लावायचं आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. म्हणजे हा अख्खा ग्रंथच 'ऐकलेलं पुन्हा सांगा' या एका कामावर उभा आहे.

पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. ज्यांना लीळा तोंडपाठ होत्या त्यांनी त्या आठवून पुन्हा लिहिल्या. हिराइसा नावाच्या बाईंचा यातला वाटा महानुभाव परंपरा आजही सांगते. आता इतक्या जणांनी आठवून लिहायचं म्हटल्यावर फरक पडणारच. त्या लोकांनी त्या फरकांचं काय केलं? खोडून टाकले नाहीत. अमक्याच्या सांगण्यात असं, तमक्याच्या सांगण्यात तसं, अशा नोंदी मजकुरातच ठेवल्या. ज्यांच्यासाठी तो एकेक शब्द देवाचा होता, त्यांनीही दुसऱ्याचं सांगणं पुसलं नाही. मला हे फार मोठं वाटतं.

या पोथ्या नंतर सांकेतिक लिपीत जपल्या गेल्या. पुढे अनेक पोथ्या ताडून लीळाचरित्राची जी संपादित आवृत्ती १९७८ साली निघाली, तिचे संपादक डॉ. वि. भि. कोलते आपल्याच जिल्ह्यातले, मलकापूरकडच्या नरवेल गावचे. नागपूर विद्यापीठाचे ते कुलगुरूही होते. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, तेही याच वारशामुळे.

त्याच काळातली दुसरी एक हकिकत अशी. केशिराजबास हे संस्कृतचे मोठे जाणकार. त्यांना संस्कृतात लिहायचा उत्साह. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की आमच्या म्हाताऱ्या बाया यानं वंचित होतील, स्वामी त्यांच्याशी मराठीत बोलले, तेव्हा लिहायचं तेही मराठीतच. शिकलेल्या माणसाची भाषा बाजूला ठेवून ऐकणाऱ्याची भाषा निवडली गेली. ही गोष्ट पुढे परत लागणार आहे, लक्षात ठेवा.

केशिराजांनीच चक्रधरांनी सांगितलेल्या दृष्टांतांचा 'दृष्टांतपाठ' केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. आधी सूत्र, मग गोष्ट, मग त्या गोष्टीचा अर्थ अशी मांडणी. आंधळ्यांनी हत्ती चाचपडून पाहिल्याचा दृष्टांत त्यातलाच. कुणाला तो सुपासारखा वाटतो, कुणाला खांबासारखा. हीच गोष्ट त्याच्या कितीतरी आधी बौद्धांच्या 'उदान' ग्रंथात आहे, आणि एकोणिसाव्या शतकात एका अमेरिकन कवीनं तिच्यावर इंग्रजीत कविताही केली. प्रत्येकानं हत्ती तोच ठेवला, तात्पर्य मात्र आपापलं काढलं.

* * *

हे झालं पंथाचं. घराघरांतही तेच चालू होतं. श्रावणातल्या कहाण्या आठवा. कहाणी संपताना साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत पूर्ण झाली असं म्हणतात. लहानपणी ते नुसतं मंत्रासारखं वाटायचं. पण म्हणणारी बाई किती स्पष्ट कबुली देते पाहा. मूळ गोष्ट लांबलचक आहे बाई, मी तुम्हाला थोडक्यात सांगितली! शाळेत ज्याला 'सारांशलेखन' म्हणतात ते आमच्या आज्या पाटावर बसून, हातात अक्षता धरून करत होत्या.

कीर्तनकाराचंही तसंच. आख्यान ठरलेलं असतं, पण समोर सोयाबीन-कापसाचे शेतकरी बसलेत की मुंबईतले नोकरदार, यावर त्यातला सुदामा वेगळा दिसतो. दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय आपल्याकडे घरोघर वाचतात. पण पारायण संपल्यावर ओट्यावर बसून पोरांना त्यातला प्रसंग सांगायचा म्हटलं की ओव्या बाजूला राहतात आणि घरची बोली सुरू होते.

थोडक्यात, गोष्ट पुन्हा सांगणं हे आपल्याकडे 'काम' नव्हतं, सवय होती. आणि सांगताना बदल होणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

* * *

मग शाळा आली. (शाळेला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. शाळा आली नसती तर मी हे लिहिलंही नसतं.)

छापील मराठी गोष्टींच्या सुरुवातीलाच इसाप भेटतो. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' छापली गेली, ती इसापाच्या गोष्टींचं भाषांतर. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांची इसापनीती १८२८ ची. त्यांचंच 'बाळमित्र' त्याच वर्षीचं, तेही मूळच्या फ्रेंच पुस्तकावरून इंग्रजीमार्गे आलेलं. म्हणजे मराठी पोरांच्या हातात आलेली पहिली छापील पुस्तकं हीच मुळी कुणीतरी परकी गोष्ट ऐकून आपल्या भाषेत पुन्हा सांगितलेली होती.

यात एक मजेशीर धागा आहे. इसापाच्या गोष्टी शाळेत वापरायची कल्पना दोन हजार वर्षांची. पहिल्या शतकात रोममध्ये क्विंटिलियन नावाचा वक्तृत्वाचा शिक्षक होऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की पोरांनी इसापाच्या गोष्टी आधी साध्या भाषेत तोंडी सांगायला शिकावं, मग तशाच साधेपणानं लिहाव्यात, मग शब्द बदलून, कुठे आखडून, कुठे फुलवून पुन्हा सांगाव्यात. आणि तो म्हणतो की हे काम नीट करता आलं तर पुढचं काहीही शिकता येईल. आधी तोंडानं, मग हातानं, आणि शेवटी बदल करून. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडे इसाप आला खरा, पण त्याच्याबरोबरचा हा क्रम मात्र रुजला नाही. एकोणिसाव्या शतकातली शाळा इन्स्पेक्टरच्या भेटीवर चालायची. साहेबासमोर पोरानं धडा घडाघडा म्हटला पाहिजे, पुस्तकातल्यासारखा. गोष्टीच्या शेवटी 'तात्पर्य' आणि ते एकच. साळुंकी असेल तर साळुंकीच, चिमणी म्हटलंस तर मार्क गेले.

आणि भाषा? वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १९०३ मध्ये त्याची सांगड मध्य प्रांताशी घातली गेली. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यकर्ते बदलले, पण शाळेच्या पुस्तकातली मराठी कायम पुण्याकडची राहिली. घरी 'मले', 'तुले' म्हणणारं पोर शाळेत 'मला', 'तुला' लिहू लागलं. ते शिकायलाच हवं, त्यात वाद नाही. पण 'मले' हे चूक आहे असंही त्याला त्याच वेळी शिकवलं गेलं, आणि ते मात्र खोटं होतं.

गंमत म्हणजे ज्या काळात शाळेत हे चाललं होतं, त्याच काळात त्याच सरकारचा एक अधिकारी नेमकं उलटं करत होता. जॉर्ज ग्रिअर्सननं भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट सगळीकडे पाठवली आणि ती आपापल्या बोलीत सांगून द्या म्हणून मागितली. शिवाय स्थानिक लोकांच्या तोंडची आणखी एखादी गोष्ट, गाणं किंवा हकिकत. या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडीही आहे. एकच बाप, तेच दोन मुलगे, पण कोकणातला धाकटा मुलगा कोकणीत पस्तावतो आणि आमचा वऱ्हाडीत. शंभर वर्षांनंतरही तो खंड उघडला की त्या काळची माणसं बोलताना ऐकू येतात. सगळ्यांनी 'शुद्ध' लिहून पाठवलं असतं तर हाती काय लागलं असतं? एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा.

* * *

गोष्ट पुन्हा सांगताना ती का बदलते, याचा पद्धतशीर अभ्यास केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं केला. १९३२ च्या त्याच्या पुस्तकात तो आहे. अमेरिकेतल्या आदिवासींची भुतांच्या लढाईची एक गोष्ट त्यानं इंग्रज लोकांना वाचायला दिली आणि काही वेळानं, काही दिवसांनी, कधी महिन्यांनी पुन्हा लिहायला सांगितली. वाचणाऱ्यांनी काय केलं? गोष्टीतली आदिवासी पद्धतीची डोंगी साधी होडी झाली. सीलची शिकार करायला गेलेले तरुण मासे धरायला गेले. जे समजलं नाही ते गळलं, आणि जे तर्काला जुळत नव्हतं ते लोकांनी नकळत जुळवून घेतलं. बार्टलेटचं म्हणणं असं की आठवणं म्हणजे कपाटातून वस्तू काढणं नव्हे, ती दर वेळी नव्यानं रचणं आहे.

म्हणजे साळुंकीची चिमणी ही स्मरणशक्तीची चूक नाही. ऐकणाऱ्याला गोष्ट कळली आणि त्यानं ती आपल्या घरात आणून ठेवली, याची ती खूण आहे. मला वाटतं सगळा मुद्दा एवढाच आहे. घोकलेली गोष्ट बदलत नाही, कारण ती कळलेली असावीच लागत नाही. कळलेली गोष्ट बदलते.

आपल्याकडच्या काही शिक्षकांना हे त्याच सुमारास उमगलं होतं. गुजरातीत गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यातला लक्ष्मीराम मास्तर चौथीच्या दंगेखोर वर्गासमोर उभा राहतो आणि धडा न शिकवता गोष्ट सांगायला लागतो. पुढे तीच पोरं गोष्टींची नाटकं करतात, पाठांतर न करता, सुचेल ते बोलत. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या, म्हणजे वऱ्हाडाशी नातं असलेल्या. त्यांनी हे बालशिक्षण मराठीत आणलं आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेलं.

अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढायचे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ची मांडणी पाहा. प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम सांगतोय आणि बाकीचे ऐकताहेत. पुस्तक लिहितानासुद्धा गुरुजींना समोर ऐकणारं कुणीतरी लागत होतं.

तरी एक फरक उरतोच. गिजुभाईंची पोरं सोडली तर या बहुतेक गोष्टींत सांगणारा मोठा माणूस आहे आणि ऐकणारं पोर. पोर सांगतंय आणि मोठा माणूस ऐकतोय, असं फार कमी दिसतं.

* * *

आता 'पुन्हा सांगणं' सोडून 'पुन्हा लिहिणं' याकडे येतो. दोन्ही एक नाहीत. पुन्हा सांगताना गोष्ट नकळत बदलते. पुन्हा लिहिताना आपण ती जाणूनबुजून बदलतो, बहुधा सांगणारा बदलून.

लोणारचंच उदाहरण घ्या. लवणासुर नावाचा राक्षस, विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं आणि त्याच्या बिळाचा हा खड्डा झाला, ही झाली एक गोष्ट. तिचं सुंदर दगडी देऊळ लोणारला उभं आहे. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. सगळा मुलूखच लाव्हाच्या काळ्या दगडाचा, म्हणून पुढे बराच काळ अभ्यासक ते ज्वालामुखीचं मुख मानत. १९७० च्या दशकात तिथल्या दगडांतली आघातानं तयार झालेली काच तपासली गेली आणि ते उल्काविवर असल्याचं नक्की झालं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा एकच खड्डा आणि त्याच्या तीन गोष्टी. यातली तिसरी पुराव्यानं सिद्ध झालेली आहे. म्हणजे विज्ञानातही गोष्ट पुन्हा लिहावी लागते, फक्त तिथे मनाला येईल तसं लिहिता येत नाही. मुलांना हा फरक कळायला लोणारहून चांगली जागा कुठे मिळेल?

पण त्या पहिल्या गोष्टीत लवणासुर काहीच बोलत नाही. त्याला विचारलं तर?

असा प्रश्न विचारणारा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त दशावताराच्या कथा बळीच्या बाजूनं सांगितल्या. वामन तोच, तीन पावलंही तीच, पण सांगणारा बदलला आणि गोष्ट उलटी झाली. आपल्या बाया तर दिवाळीत बळीचं राज्य यावं म्हणून ओवाळतातच. म्हणजे पुस्तकात एक गोष्ट आणि उंबऱ्यावर दुसरी, अशा दोन्ही आपण सांभाळून होतो. फुल्यांनी उंबऱ्यावरची उचलून पुस्तकात आणली.

तेव्हा 'ही गोष्ट राक्षसाच्या बाजूनं लिहा' हा वर्गातला करमणुकीचा खेळ वाटला तरी त्यात बरंच काही आहे. ज्याला गोष्टीत बोलायला मिळालं नाही त्याच्या जागी उभं राहून बघायचं. ही सवय चौथीत लागली तर पुढे वर्तमानपत्र वाचतानाही कामी येते.

* * *

आजच्या शाळेत काय आहे? दहावीच्या मराठीत कथालेखन आहे. मुद्द्यांवरून कथा लिहा, अपूर्ण कथा पूर्ण करा. कल्पना चांगलीच आहे. पण बाजारातल्या गाइडात तयार कथा मिळतात आणि पोरं त्या घोकतात. मुद्दे कोणतेही द्या, शेवटी प्रामाणिक मुलाला बक्षीस मिळतं आणि आळशी मुलाचे डोळे उघडतात. कथेला शीर्षक आणि तात्पर्य आहे ना, मग झालं.

खालच्या वर्गांसाठी २०२१ पासून 'निपुण भारत' आहे. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून वाचावेत असं त्यातलं उद्दिष्ट. वाचता आलंच पाहिजे, ते आलं नाही तर पुढचं सगळं अडतं. पण मिनिटाला शब्द किती हे घड्याळानं मोजता येतं आणि 'अर्थ समजून' हे मोजायला पोराला बोलतं करावं लागतं. मोजायला सोपं असतं त्याचाच तक्ता भिंतीवर लागतो, हा आपला जुना अनुभव आहे.

मेहकर-लोणारकडच्या शाळेत एकाच बाकावर बसणारी पोरं बघा. एकाच्या घरी घाटावरची बोली, तिच्यात वऱ्हाडी आणि मराठवाडी दोन्हींची सरमिसळ. शेजारचा तांड्यावरचा, घरी गोरमाटी बोलणारा. गुरुजींनी ससा-कासवाची गोष्ट सांगितली आणि लगेच 'आता लिहा' म्हटलं, तर दोघंही पुस्तकातली वाक्यं आठवायला लागणार. दुसऱ्याला तर गोष्ट आणि भाषा दोन्ही एकदम उचलायची आहेत. तो गप्प बसतो आणि आपण म्हणतो याला काही येत नाही. त्याच्याकडे गोष्ट असते हो. तिला वर्गात यायला दार उघडं नसतं. (चिऊताई, दार उघड!)

काय करता येईल? वर सांगितलेल्यातूनच उत्तर मिळतं, नवीन काही शोधायला नको.

पहिलं, पुस्तक मिटून गोष्ट सांगावी. दुसरं, मुलांनी जोडीजोडीनं ती एकमेकांना सांगावी, घरच्या बोलीत. गुरुजींनी फक्त ऐकावं, मध्ये शब्द दुरुस्त करू नये. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांचा नियम हाच. तिसरं, दोन-चार मुलांची सांगणी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, ज्याची त्याची, नावासकट, जशीच्या तशी. अमकी असं म्हणते, तमका तसं म्हणतो. म्हाइंभटानं आणि त्याच्यामागच्यांनी तेच केलं. मग विचारावं, फरक कुठे पडला? का पडला? यातलं मुळात होतं काय आणि आपण घातलं काय? चौथं, आता लिहायचं. इथे प्रमाण मराठी येऊ द्यावी, पण संवाद बोलीतच राहू द्यावेत. उद्धव शेळक्यांनी 'धग'मध्ये वऱ्हाडी बोलीला केवढं मोठं केलं, मग चौथीतल्या पोरानं का घाबरावं? आणि पाचवं, सगळं जमलं की सांगणारा बदलावा. कासवाची गोष्ट सशाच्या आईनं सांगायची. लोणारची गोष्ट लवणासुरानं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. असं केलं तर पोरांना शुद्ध लिहायला कधी येणार, परीक्षेत काय करणार? माझा अंदाज असा की ज्या मुलाला एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगता येते त्याला परीक्षेच्या तऱ्हेनंही सांगता येते. ती चौथी तऱ्हा. उलटं मात्र होत नाही. वेळ लागतो हेही खरं. एका गोष्टीवर आठवडा जाईल. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतील तर आणखी अवघड. पण वीस गोष्टी वरवर वाचण्यापेक्षा चार गोष्टी पोरांच्या झाल्या तर मला तो सौदा स्वस्तातला वाटतो.

* * *

असो. लिहिता लिहिता फार लांबलं. साठ उत्तरांची कहाणी पाचांत बसवणं मला काही जमलेलं नाही.

जानेफळच्या आणि जानेफळबाहेर पांगलेल्या समस्त काका-काकू, आत्या, मामा-मामी, भाचरं आणि पुतणे यांना एक विनंती. आपापल्या घरची काऊ-चिऊची गोष्ट, ज्या शब्दांत ऐकली त्या शब्दांत लिहून पाठवा. पुण्यातल्यांनी पुण्याच्या आणि परदेशातल्या पोरांनी आपल्या अर्ध्या इंग्रजी मराठीतही चालेल. कुणाच्या गोष्टीत पावसाऐवजी बर्फ पडत असेल तर तो तसाच राहू द्या. शुद्धलेखन तपासू नका आणि दुसऱ्याचं बघून आपलं बदलू नका. सगळ्या आल्या की एकाखाली एक लावून ठेवू. कुणाची बरोबर ते ठरवायचं नाही.